एक छायाचित्र आणि नर्रईचे पांढरे खडे

नोव्हेंबर २००० मधले एक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. फुलांखाली एक सोनेरी केसांचा कुत्रा निजलेला आहे आणि खाकी गणवेशातील एक वरिष्ठ पोलीस अधिकारी वाकून त्याच्यावर पुष्पचक्र वाहत आहेत. कुत्र्याचे नाव जंजीर. मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक व नाशक पथकातला हा लॅब्रॅडोर १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. एखाद्या शिपायाला द्यावा तसा सन्मानाचा निरोप त्याला देण्यात आला, आणि कुणा छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. गेली पंचवीस वर्षे हे चित्र हातोहात फिरते आहे. त्याखाली बहुधा एकच शब्द असतो : निष्ठा.

जंजीरची कामगिरी लहान नव्हती. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत साखळी स्फोट झाले, २५७ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यानंतरच्या काळात दडवलेल्या स्फोटकांचे साठे शोधण्याचे काम या पथकाच्या माथी आले. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबाँब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे, एवढा माल या एका कुत्र्याच्या नाकाने हुडकला अशी नोंद आहे. या साठ्यातला थोडा अंश जरी फुटला असता, तरी आज हा अंक हाती घेऊन बसलेल्या काही वाचकांच्या घरी कुणाची तरी खुर्ची रिकामी असती.

तथापि त्या छायाचित्राखालचा 'निष्ठा' हा शब्द वाचला की मी थोडा थबकतो. श्वानपथकातल्या कुत्र्याला विशिष्ट गंध ओळखायला शिकवतात ते खेळातून. गंध सापडला की चेंडू मिळतो, पाठीवर थाप मिळते किंवा खाऊ मिळतो. स्फोटक सापडल्यावर त्याने भुंकायचे नाही, ओरबाडायचे नाही, निमूटपणे खाली बसायचे. कारण ओरबाडले तर स्फोट होईल. जंजीर असा शेकडो वेळा खाली बसला असेल. आपण शहर वाचवतो आहोत याची त्याला कल्पना नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. त्याच्या लेखी समोर उभा असलेला आपला माणूस खूश झाला, एवढे पुरे होते. यात त्याचा मोठेपणा कमी होतो असे मला म्हणायचे नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की त्या छायाचित्रात जंजीरची निष्ठा दिसत नाही. दिसू शकतच नाही. कुत्रा तर डोळे मिटून निजला आहे. दिसतो आहे तो वाकलेला माणूस.

प्राण्यांच्या निष्ठेची बहुतेक छायाचित्रे अशीच असतात. चित्र मुके असते. बोलतो तो त्याखालचा मजकूर, आणि तो आपण लिहितो. जानेवारी २०११ मध्ये ब्राझीलमधील रिओ राज्यात दरडी कोसळून शेकडो माणसे दगावली. त्या वेळी एका ताज्या कबरीशेजारी पडून राहिलेल्या कुत्र्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. मालकिणीची कबर सोडायला तो तयार नाही, असा मजकूर सोबत होता आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे वृत्त आले की तो कुत्रा त्या स्मशानात कबरी खणणाऱ्या एका माणसाचाच होता आणि आपला धनी काम करीत असताना जवळ पडून राहिला होता. छायाचित्र खरे होते. फक्त मजकूर दुसऱ्याच कुत्र्याचा होता.

म्हणून अशा चित्रात प्राण्याकडे पाहण्याआधी माणसांकडे पाहावे, अशी सवय मी लावून घेतली आहे. टोकियोच्या शिबुया स्थानकातल्या हाचिकोचे शेवटचे छायाचित्र पाहा. त्याचे धनी प्राध्यापक उएनो २१ मे १९२५ रोजी अचानक वारले आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे हा कुत्रा गाडीच्या वेळेला स्थानकावर येत राहिला, ही कथा सर्वश्रुत आहे. ८ मार्च १९३५ रोजी तो गेला. छायाचित्रात त्याच्या देहाभोवती प्राध्यापकांची पत्नी आणि स्थानकावरील मंडळी शोकाकुल बसली आहेत. आरंभीच्या वर्षांत याच स्थानकावर त्याला हाकलण्यात येत असे, त्रासही दिला जात असे. १९३२ साली एका वर्तमानपत्रात त्याची हकिकत छापून आली आणि लोकांची नजर बदलली. शंका घेणारे म्हणतात की तो स्थानकावर मिळणाऱ्या मांसाच्या तुकड्यांसाठी येत होता. त्याच्या पोटात भाजलेल्या कोंबडीच्या काड्या सापडल्याही होत्या. असेल तसे. कुत्र्याच्या मनाचा पंचनामा आपल्याला करता येणार नाही. पण हाकलणारे लोक एके दिवशी त्याच्या देहाभोवती मान खाली घालून बसले, हे मात्र त्या चित्रात स्पष्ट दिसते, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते.

ही झाली कॅमेरा असलेल्या काळाची गोष्ट. तो नव्हता तेव्हा लोक काय करीत असत, याचे उत्तर मी राहतो त्या जबलपूरच्या वेशीबाहेर आहे. जबलपुरात मराठी माणूस काही नवा नाही. १८१७ पर्यंत हे गाव नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. परंतु मी सांगतो आहे ती गोष्ट त्याहून कितीतरी जुनी, गढा-कटंग्याच्या गोंड राज्याची आहे.

जबलपूरहून मंडल्याकडे निघाले की वाटेत बरेला लागते. त्याच्याजवळ नर्रई नाला आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गौर आणि नर्मदा, अशी ही अडचणीची जागा राणी दुर्गावतीने मोगल फौजेशी लढण्यासाठी निवडली होती. पती दलपतशहा यांच्या मृत्यूनंतर लहानग्या वीरनारायणाच्या नावाने चौदा वर्षे राज्य चालवणारी ही राणी २४ जून १५६४ रोजी येथेच धारातीर्थी पडली. त्या दिवशी ती ज्या हत्तीवर बसली होती त्याचे नाव सरमन.

हे नाव आपल्याला ठाऊक आहे ते शत्रुपक्षाच्या कृपेने. अकबराचा बखरकार अबुल फजल याने 'अकबरनाम्या'त राणीच्या अखेरच्या लढाईचे वर्णन करताना सरमनचा उल्लेख केला आहे. राणीच्या कानशिलात एक बाण लागला, तो तिने उपसून टाकला. मग मानेत दुसरा लागला. वेदनेने तिला मूर्च्छा आली. शुद्धीवर येताच तिने पुढे बसलेल्या अधार नावाच्या विश्वासू सेवकाला सांगितले की तू खंजिराने माझा शेवट कर. त्याच्याने ते होईना. त्याने विनवले की या चपळ हत्तीवर माझा भरवसा आहे, हा आपल्याला या रणातून सुखरूप बाहेर नेईल. राणीने त्याचे ऐकले नाही. खंजीर तिने स्वतःच आपल्या देहात खुपसला.

या प्रसंगात राणीकडे सर्वांचेच लक्ष जाते आणि ते योग्यच आहे. पण अधारचे बोलणे पुन्हा मनात आणून पाहा. सुटकेचा मार्ग होता, आणि तो मार्ग म्हणजे सरमन होता. युद्धातला हत्ती ही बेभरवशाची वस्तू. बाण लागले, आग दिसली की तो उधळतो आणि आपलीच फौज तुडवतो, हे आपल्या इतिहासात पुष्कळदा घडले आहे. सरमन उधळला असता तर कदाचित राणी वाचली असती. इथे त्याच्यावर भरवसा ठेवणारा माणूस त्याला 'पळ' म्हणायला तयार होता आणि त्याच्यावर बसलेली बाई 'थांब' म्हणत होती. तो थांबला. त्याला निष्ठा म्हणावे, शिकवण म्हणावी की आणखी काही, हे मी ठरवू शकत नाही. इथल्या लोकांना मात्र तो प्रश्न कधी पडलाच नाही. सरमननेही तेथेच प्राण सोडले असे परंपरा सांगते, आणि नर्रईला राणीच्या समाधीजवळ सरमनचीही समाधी दाखवतात.

याच 'अकबरनाम्या'त आणखी एक नोंद आहे, जी बँकेच्या मंडळींना, विशेषतः लेखापरीक्षण खात्यातल्या, ओळखीची वाटावी. राणीच्या पाठोपाठ चौरागढचा किल्ला पडला आणि मोगल सरदार आसफखान याच्या हाती अमाप लूट लागली. त्यात एक हजार हत्ती होते. बादशहाकडे त्याने दोनशे पाठवले. बाकीचे आठशे स्वतःकडेच दाबून ठेवले. पुढे हिशेब मागितला जाणार अशी चिन्हे दिसताच स्वारी पळून गेली. माझे लक्ष त्या अफरातफरीपेक्षा आकड्यांवर जास्त जाते. एक हजार हत्ती, आणि त्यांतल्या एकाचेही नाव या हिशेबात नाही. राणीच्या पीलखान्यात त्या प्रत्येकाला नाव असणारच. माहूत नाव घेतल्याशिवाय हत्तीला हाक तरी कशी मारणार? पण लुटीत जमा होताच ते नग झाले. नाव राहिले ते फक्त एकाचे.

ते राहिले कसे? ग्रंथात एक ओळ होती म्हणून, हे खरे. परंतु फारसी ग्रंथ या डोंगरांतल्या गोंड शेतकऱ्याने वाचला नव्हता. त्याच्याकडे दुसरी व्यवस्था होती. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून प्रसिद्ध असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन जबलपूर भागात बरीच वर्षे होता. त्याचे प्रवासवर्णन १८४४ साली प्रसिद्ध झाले, त्यात त्याने नर्रईच्या समाधीचे वर्णन केले आहे. तिथून जाणारा प्रत्येक वाटसरू आसपास विपुल सापडणाऱ्या स्फटिकांतला आपल्याला सुंदर वाटेल तो खडा उचलतो आणि समाधीवर आदराने ठेवतो, असे तो सांगतो. शेजारी दोन मोठे गोल दगड होते. ते राणीचे नगारे असून दगड झाले आहेत आणि मध्यरात्री त्यांचा आवाज रानात घुमतो, तिच्या वीरांच्या आत्म्यांना हाक देतो, अशी लोकांची समजूतही त्याने नोंदवली आहे. आणि गंमत म्हणजे, आपल्यालाही राहवले नाही व आपणही एक खडा तेथे ठेवला, असे हा करड्या शिस्तीचा साहेब लिहितो. राणीला जाऊन तेव्हा अडीचशेहून अधिक वर्षे झाली होती. पांढरे खडे वाहण्याची चाल आजही आहे, आणि २४ जूनला बलिदान दिनी तेथे मोठी गर्दी जमते.

छायाचित्र आणि हा खडा यांत मला एक भेद जाणवतो. छायाचित्र एकदाच निघते, आणि पुढची माणसे ते केवळ पाहतात. नर्रईला प्रत्येक पिढीला खाली वाकून खडा शोधावा लागतो. जंजीरच्या छायाचित्रातला अधिकारी एकदा वाकला. इथे साडेचारशे वर्षे कुणी ना कुणी वाकतेच आहे. शहरानेही आपल्या परीने राणीची आठवण ठेवली आहे. विद्यापीठाला १९८३ पासून तिचे नाव आहे, संग्रहालय आहे, आगगाडी आहे, भंवरताल बागेत पुतळा आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी मदनमहालच्या परिसरात सुमारे १०० कोटी रुपये खर्चाच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले; त्यात राणीचा ५२ फुटी कांस्य पुतळा योजलेला आहे. या सगळ्याचा मला आनंद आहे. तरीही एवढ्या खर्चात नर्रईच्या फुकटच्या खड्याची जागा भरून निघेल असे मला वाटत नाही.

आठवण टिकवायची तर तिची नेमणूक करावी लागते, हे आपले पूर्वज चांगले जाणत होते. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातला, इसवी सन ९४९-५० चा एक शिलालेख कर्नाटकातील आतकूर येथे सापडला आणि तो आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. त्यात 'काळी' नावाच्या एका शिकारी कुत्रीची कथा कोरलेली आहे. लढाईत पराक्रम गाजवणाऱ्या मणलर नावाच्या वीराला, काय हवे ते माग, असे त्याच्या स्वामीने म्हटले, तेव्हा त्याने गाव किंवा सोने न मागता ही काळी मागितली. पुढे तिला एका मोठ्या रानडुकरावर सोडले. दोघे झुंजले आणि दोघेही मेले. तिच्या स्मरणार्थ दगड उभा केला, त्या दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि ती जमीन कसणाऱ्या पुजाऱ्याने पूजा केल्यावाचून जेवू नये, जेवल्यास पाप लागेल, अशी अट घातली. दहाव्या शतकातले हे दानपत्र वाचताना मला त्यातल्या भावनेपेक्षा त्यातली व्यवहारबुद्धी अधिक आवडते. दुःख ओसरेल, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी ते भूमीशी आणि जेवणाशी बांधून टाकले.

आपल्या रायगडावरच्या वाघ्याचा विषय येथे टाळता येत नाही. शिवछत्रपतींच्या समाधीजवळची त्याची मूर्ती १९३६ सालची. समकालीन साधनांत अशा कुत्र्याचा उल्लेख मिळत नाही, असे अभ्यासक सांगतात. ऑगस्ट २०१२ मध्ये ती मूर्ती काही मंडळींनी काढून टाकली, ती पुन्हा बसवण्यात आली; मार्च २०२५ मध्ये ती हटवावी अशी मागणी पुन्हा पुढे आली. पुराव्याची मागणी करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. इतिहासाला पुरावा लागतोच. माझे म्हणणे निराळे आहे. धन्याच्या चितेत उडी घेणारा कुत्रा ज्यांना गहिवर आणतो, त्यांच्यापैकी किती जणांना शिवकाळातल्या खऱ्याखुऱ्या घोड्यांविषयी, बैलांविषयी, हत्तींविषयी काही जाणून घ्यावेसे वाटते? हा गड ज्यांच्या पाठीवरून वाहून आणलेल्या सामानाने उभा राहिला, त्या जनावरांसाठी कुणी भांडत नाही. आपल्याला आपल्यासाठी मरणारा प्राणी प्रिय असतो. आपल्यासाठी राबून, म्हातारा होऊन, खाटेवर पडल्यासारखा जगणारा प्राणी तितका प्रिय नसतो.

म्हणून याच मध्य प्रदेशातली अलीकडची एक गोष्ट सांगतो. पन्ना व्याघ्र प्रकल्पात वत्सला नावाची हत्तीण होती. केरळच्या निलंबूर जंगलातून ती १९७१ साली होशंगाबादला आणली गेली आणि १९९३ मध्ये पन्नात आली. २००३ साली तिला कामातून निवृत्त करण्यात आले. पुढची बावीस वर्षे तिच्याकडून कोणतेही काम न घेता तिला सांभाळले गेले. डोळे गेले तरी माहूत तिला हाताशी धरून पाण्यावर नेत; छावणीतल्या पिल्लांची ती आजी होऊन राहिली. वय शंभरीच्या पुढचे सांगत, परंतु जन्माचा कागद नसल्याने जगातील सर्वांत वयोवृद्ध हत्ती म्हणून तिची अधिकृत नोंद काही होऊ शकली नाही. (आपल्याकडे निवृत्तिवेतनाच्या खिडकीशी अशी अडचण घेऊन येणारे आजोबा-आजी मला हटकून आठवतात.) ८ जुलै २०२५ रोजी ती गेली. वन कर्मचाऱ्यांनी तिच्यावर फुले वाहिली आणि तिला अग्नी दिला.

त्या निरोपाची छायाचित्रेही प्रसिद्ध झाली. त्यांत कुठलाही पराक्रम नाही, स्फोटके नाहीत, रण नाही, चितेत उडी नाही. जंजीरच्या चित्राइतकी ती पुढे कुणी जपून ठेवील का, सांगता येत नाही. पण निष्ठेचा पुरावा म्हणून मला कुणी एकच चित्र निवडायला सांगितले, तर मी वत्सलाचे निवडीन. कारण फुलांच्या त्या एका दिवसामागे बावीस वर्षांचा चारा, पाणी आणि औषध उभे आहे. ती निष्ठा कुणाची होती हे विचारावे लागत नाही.

बरेल्याचा हाच रस्ता पुढे मंडल्याला आणि तेथून कान्हाच्या जंगलाला जातो. कान्हात वनखात्याचे हत्ती गस्तीच्या कामावर असतात, आणि पावसाळा सरत येतो तेव्हा त्यांना वर्षातून काही दिवस सक्तीची विश्रांती मिळते. नदीवर अंघोळ, तळव्यांना कडुनिंबाचे तेल, डोक्याला एरंडेल, नखांची निगा, रक्ताची तपासणी, आणि पुढ्यात ऊस, केळी, गूळ, मका. त्यांना प्रत्येकाला नाव आहे आणि ते नाव दप्तरी लिहिलेले आहे. वाघ पाहायला निघालेल्या गाड्या पहाटेच्या अंधारात नर्रईवरून भरधाव जातात. आपल्यापैकी कुणी त्या बाजूला आलात तर परतीच्या वाटेवर थोडे थांबा. पांढरे खडे तेथे सापडतात. दोन उचला, सरमनची समाधी शेजारीच आहे.